इंजिन स्वस्त, जोडणी महाग
पाचशे डॉलरच्या शर्यतगाडीपासून आपल्या गॅरेजवाल्यांनी घेण्यासारखा धडा

मोटारींची शर्यत म्हटली की कोट्यवधींचा खर्च, नामांकित कंपन्या आणि चकचकीत गाड्या असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ते चित्र खोटे नाही. परंतु अमेरिकेत एक शर्यत अशीही भरते, की जिच्यात भंगाराच्या भावाने घेतलेली गाडी उतरविणे हीच मुख्य अट आहे. या शर्यतीत उतरणारे लोक बहुतांशी हौशी मिस्त्री, वेल्डर, फिटर आणि नोकरदार असतात. जुनी गाडी घ्यायची, तिचे थकलेले इंजिन काढायचे, दुसऱ्या गाडीचे दमदार इंजिन बसवायचे आणि दोन दिवस अखंड पळवायचे, असा हा उद्योग आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा धंदा गॅरेज, लेथ, वेल्डिंग, रेडिएटर, वायरिंग किंवा जुन्या सुट्या भागांचा आहे. त्यांना शर्यतीत भाग घ्यायचा नसला, तरी या गाड्या बांधण्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. कारण इंजिन बदलण्याच्या कामात पैसा कुठे जातो, वेळ कुठे जातो आणि माणूस कुठे फसतो, हे तिथे उघड्यावर दिसते.

शर्यत कशी असते?

फ्रान्समधील ल मान्स या गावी १९२३ पासून चोवीस तासांची जगप्रसिद्ध शर्यत होते. अमेरिकेत सतत बिघडणाऱ्या, घेणाऱ्याच्या गळ्यात पडलेल्या गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. या दोन शब्दांची गंमत करून जे लॅम नावाच्या मोटार-पत्रकाराने २००६ साली कॅलिफोर्नियातील अल्टामाँट येथे ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ ही शर्यत सुरू केली. पुढे ती अमेरिकेच्या अनेक भागांत भरू लागली.

नियम थोडक्यात असे. गाडी आणि तिला पळविणारी यंत्रसामग्री मिळून खर्च पाचशे डॉलरच्या आत असावा. सुरक्षेच्या वस्तू या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा, शर्यतीची सीट, पट्टे, आग विझविण्याची साधने, तसेच ब्रेक, चाके आणि टायर यांवर कितीही खर्च करावा. शर्यतीआधी परीक्षक गाडी तपासतात. खर्च मर्यादेबाहेर गेला असे त्यांना वाटले, तर दर दहा डॉलरमागे एक फेरी वजा करतात. गाडीचे उपयोगाचे नसलेले भाग विकून आलेली रक्कम मात्र खर्चातून वजा करता येते. आपल्या भंगारवाल्या बांधवांना हा नियम वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही!

नावात चोवीस तास असले, तरी बहुतेक शर्यती शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत मिळून साधारण चौदा-पंधरा तास चालतात. एका गाडीवर चार-सहा चालक आळीपाळीने बसतात. ठरलेल्या वेळात जो जास्त फेऱ्या मारील तो जिंकला. परंतु इथले सर्वांत मानाचे बक्षीस पहिल्या आलेल्या गाडीला मिळत नाही. जी गाडी दोन तासही चालेल की नाही अशी शंका होती, तिने सर्वांत चांगली कामगिरी केली, तर मान तिचा. मैदानावरच कठीण दुरुस्ती करून गाडी पुन्हा उभी करणाऱ्या चमूसाठीही वेगळे बक्षीस असते. कारागिराच्या हुन्नराचा असा जाहीर गौरव दुसऱ्या शर्यतींत क्वचितच पाहायला मिळतो.

वेग मोठा की टिकाव?

एक साधे गणित मांडू. समजा, शर्यत चौदा तासांची, म्हणजे ८४० मिनिटांची आहे. एक गाडी दोन मिनिटांत फेरी मारते, तर दुसरीला दोन मिनिटे सहा सेकंद लागतात. दोघीही न थांबता पळाल्या, तर पहिलीच्या ४२० फेऱ्या होतील आणि दुसरीच्या ४००. आता पहिली गाडी पाण्याची नळी फुटून फक्त चाळीस मिनिटे थांबली, असे धरा. तिच्या वीस फेऱ्या गेल्या, म्हणजे सगळी आघाडी संपली. ज्या नळीची किंमत किरकोळ, त्या नळीने मोठ्या इंजिनाची सगळी कमाई खाल्ली.

म्हणून या शर्यतीत जाणकार चमू सर्वांत जोरदार इंजिनाच्या मागे लागत नाहीत. भंगारात सहज मिळणारे, सुटे भाग स्वस्त असलेले, मूळ गाडीत लाखभर मैल मुकाट्याने चाललेले आणि पूर्ण ताण न देता पुरेशी ताकद देणारे इंजिन ते शोधतात. ज्या इंजिनाला सतत शेवटच्या दमापर्यंत पळवावे लागते ते लवकर बसते. दमदार इंजिन आरामात चालविले तर टिकते. इंजिन बदलण्यामागचे खरे कारण हे आहे.

एक खरे उदाहरण : पाँटिॲक फिएरो

जनरल मोटर्सने १९८४ ते १९८८ या काळात पाँटिॲक नावाखाली ‘फिएरो’ ही दोन सीटची गाडी काढली. इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसविलेले, पोलादी सांगाड्यावर प्लॅस्टिकचे पत्रे लावलेले. दिसायला शर्यतीची, पण सुरुवातीचे अडीच लिटरचे चार-सिलिंडर इंजिन फक्त ९२ अश्वशक्तीचे. शिवाय १९८४ च्या गाडीत ऑइल चेंबर लहान होता. तेल कमी झाले की कनेक्टिंग रॉड तुटत, तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडे आणि गाडी पेट घेई. अखेर १९८७ मध्ये कंपनीला त्या वर्षीच्या चार-सिलिंडर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

याच कंपनीने ब्युइक आणि पाँटिॲकच्या मोठ्या घरगुती गाड्यांत ३.८ लिटरचे सहा-सिलिंडर इंजिन बसविले होते. ते ‘३८००’ या नावाने ओळखले जाते. १९९५ पासूनच्या आवृत्तीत त्याची ताकद साधारण २०५ अश्वशक्ती. बीड आणि हेड दोन्ही कास्ट आयर्नचे, वजन पावणेदोनशे किलोच्या थोडे वर. २००८ पर्यंत ते बनत राहिल्याने अपघातात सापडलेल्या गाड्यांतून पुष्कळ इंजिने भंगारात आली.

मुख्य सोय अशी की, फिएरोचा गिअरबॉक्स ज्या बोल्टांच्या रचनेवर बसतो, तीच रचना या ३८०० इंजिनाच्या पाठीला आहे. मधली प्लेट बनवावी लागत नाही. दुसरी सोय म्हणजे फिएरोचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे सस्पेन्शन एकाच चौकटीवर बसलेले असते. चौकटीचे बोल्ट आणि जोडण्या सोडवून गाडीची बॉडी वर उचलली की सगळा संच खाली मोकळा राहतो. म्हणून हा बदल हौशी लोकांत चांगलाच रुळला.

इथपर्यंत ऐकले तर काम दोन रविवारांचे वाटते. इंजिन जागेवर बसते खरे, पण गाडी तयार होत नाही. खरे काम पुढे सुरू होते.

जोडणीचे सहा सांधे

पहिला सांधा फ्लायव्हीलचा. ही ३८०० इंजिने पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ज्या गाड्यांत आली, त्यांत ऑटोमॅटिक गिअर होते. त्यामुळे क्लचचे फ्लायव्हील वेगळे मिळवावे लागते. दुसऱ्या इंजिनाचे फ्लायव्हील बोल्टांना बसले म्हणजे चालते असे नाही. काही फ्लायव्हीलांत त्या-त्या इंजिनाचा तोल साधण्यासाठी एका बाजूला वजन ठेवलेले असते. ते तसेच लावले तर इंजिन थरथरते आणि काही तासांत बेअरिंग जातात. म्हणून लेथवाल्याकडे आणि बॅलन्सिंगवाल्याकडे जावेच लागते.

दुसरा सांधा फाउंडेशनचा. इंजिन आणि चौकट यांमधले आधार नव्याने बनवावे लागतात. आधार अगदी घट्ट, रबराविना केले, तर कंप सगळ्या गाडीत शिरतो आणि वेल्डिंगला चिरा पडतात. फार सैल केले, तर इंजिन हलून नळ्या आणि गिअरच्या केबली ओढल्या जातात.

तिसरा सांधा पाण्याचा. फिएरोत रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे आहे. पाण्याच्या दोन लांब नळ्या दरवाजांखालून जातात. चुकीच्या जागी जॅक लावला की त्या चेपतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. लांब वाटेमुळे आत हवा अडकते. त्यामुळे पाणी भरताना थर्मोस्टॅटच्या बाजूनेही भरून हवा पूर्ण काढावी लागते. ३८०० इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर प्लॅस्टिकचे छोटे कोपरे आहेत. जुने झाले की ते ठिसूळ होऊन तुटतात. किंमत अगदी थोडी, पण शर्यतीच्या मध्यावर तुटले तर सगळे पाणी जमिनीवर. शहाणा मिस्त्री इंजिन खाली असतानाच ते बदलून टाकतो.

चौथा सांधा इंधनाचा. फिएरोच्या मूळ चार-सिलिंडर इंजिनाला इंधन साधारण १० ते १३ पौंड दाबाने लागे. ३८०० ला पन्नास पौंडांच्या आसपास दाब लागतो. जुना पंप ठेवला, तर इंजिन सुरू होईल, पण जोर लावताच गुदमरेल. पंप बदलला आणि नळ्या जुन्याच ठेवल्या, तर वाढलेल्या दाबाने नळी फुटण्याचा धोका. आणि इंधनाची नळी फुटणे हे पाण्याची नळी फुटण्यासारखे नव्हे. तिथे जीव जातो.

पाचवा सांधा वायरिंगचा. इंजिन संगणकावर चालणारे असल्याने तो संगणक आणि त्याची पूर्ण वायरिंग मूळ गाडीतूनच काढून आणावी लागते. भंगारवाल्याने वायरी कापल्या असतील, तर स्वस्त मिळालेले इंजिन महागात पडते. पुष्कळ गाड्यांत चोरीविरोधी कुलूपही याच संगणकात असते. किल्लीची खूण मिळाली नाही, तर तो इंधन सोडत नाही. ते कुलूप संगणकातच बंद करून घ्यावे लागते.

सहावा सांधा तेलाचा. शर्यतीत लांब वळणावर चेंबरमधले तेल एका बाजूला सरकते. पंपाच्या तोंडाशी तेल नसले, तर काही क्षण बेअरिंग कोरडी फिरतात. असे शंभर वेळा झाले की इंजिन संपले. यावर उपाय म्हणजे चेंबरमध्ये तेल अडविणारे पत्र्याचे पडदे वेल्ड करणे, आणि तेलाचा दाब उतरताच पेटणारा मोठा लाल दिवा चालकाच्या नजरेसमोर लावणे. घड्याळासारख्या मीटरकडे शर्यतीत कोणी पाहत नाही, दिवा मात्र दिसतो.

जीवाशी तडजोड नाही

इतकी काटकसर करणारी ही शर्यत एका बाबतीत एक पैसाही वाचवू देत नाही, ती म्हणजे चालकाची सुरक्षा. पिंजऱ्यासाठी ठरावीक जाडीची, साधारण दीड ते पावणेदोन इंच व्यासाची पोलादी ट्यूब लागते. नळाचा पाइप चालत नाही. सांधा सर्व बाजूंनी वेल्ड केलेला असावा लागतो. इंजिन आणि चालक यांच्यामध्ये धातूचा पडदा हवा आणि त्यातील प्रत्येक भोक बंद हवे. फिएरोसारख्या गाडीत इंजिन पाठीशीच असल्याने हा नियम फारच महत्त्वाचा. इंधन भरताना इंजिन बंद, चालक गाडीबाहेर, आणि एक माणूस आग विझविण्याचे नळकांडे हातात घेऊन उभा. परीक्षकांचे समाधान झाले नाही, तर दोन हजार किलोमीटरवरून आणलेली गाडीही मैदानात उतरत नाही.

यात तत्त्वाची गोष्ट आहे. खर्चाला मर्यादा घालायची आणि सुरक्षा त्या मर्यादेबाहेर ठेवायची. गिऱ्हाईक घासाघीस करते तेव्हा आपण कुठे हात आखडतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. रंगात काटकसर करता येते, सीटकव्हरमध्ये करता येते. ब्रेक, स्टिअरिंग, इंधनाची नळी आणि वेल्डिंग यांत करता येत नाही.

पाचशे डॉलरचा खरा हिशेब

आता कागदावरचा हिशेब पाहू. समजा, बंद पडलेली फिएरो ६०० डॉलरला घेतली. तिची आतली सजावट, काचा, जुने सुटे भाग विकून ३५० आले. गाडी पडली २५० ला. समोरून ठोकर बसलेली, ३८०० इंजिनाची गाडी ४०० ला घेतली. इंजिन, संगणक, वायरिंग काढून उरलेला सांगाडा आणि भाग ३०० ला विकले. इंजिन पडले १०० ला. पंप, नळ्या, पत्रा, बोल्ट, तेल-पाण्याचे किरकोळ सामान १४०. एकूण ४९० डॉलर. नियमात बसले.

परंतु या आकड्यात दोन गोष्टी नाहीत. पिंजरा, सीट, पट्टे, हेल्मेट, अग्निरोधक कपडे, ब्रेक, टायर आणि प्रवेशशुल्क यांचा खर्च काही हजार डॉलरवर जातो. म्हणजे पाचशेची म्हणविली जाणारी गाडी मैदानात येईपर्यंत पाचशेची राहत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चमूतील माणसांची मजुरी या हिशेबात शून्य धरली आहे. चार-पाच माणसे कित्येक महिने रात्री जागून जी मेहनत करतात, तिची किंमत कोणी लावत नाही. हौस म्हणून ते ठीक आहे. पण हाच हिशेब दुकानात लावला, तर दुकान बुडते.

आपल्याकडील अनुभव

इंजिन बदलण्याची विद्या आपल्याला नवी नाही. पेट्रोल महाग झाल्यावर ॲम्बेसडर आणि जीपमध्ये डिझेल इंजिने बसविणारे उस्ताद आपल्या गावागावांतून होते. मधली प्लेट लेथवर काढणे, प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडणे, फाउंडेशन बनविणे ही कामे त्यांच्या शागिर्दांनी पाहून-पाहून आत्मसात केली. शर्यतीच्या क्षेत्रातही कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ ही कमी खर्चाची एका सीटची शर्यतगाडी बनविली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेले नारायण कार्तिकेयन सुरुवातीच्या दिवसांत हीच गाडी चालवीत. करिवर्धन यांचे १९९५ मध्ये विमान अपघातात निधन झाले. कोइमतूरच्या शर्यतमार्गाला त्यांचे नाव दिलेले आहे. रोजच्या गाडीचे इंजिन नीट बसविले तर काय होऊ शकते, याचा हा घरचा दाखला.

मात्र एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. अमेरिकेतील या शर्यतगाड्या ट्रेलरवर लादून मैदानात नेतात. आपल्याकडे रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते. मूळ कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि इंजिन बदलण्याच्या कामाला आर.टी.ओ.ची परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. तेव्हा गिऱ्हाईक ‘मी बघून घेतो’ म्हणाले, तरी परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय काम हाती घेऊ नये. अपघात झाला, विमा कंपनीने हात वर केले, तर बोट मिस्त्रीकडेही दाखविले जाते.

भाव सांगताना

इंजिन बदलाचे काम सांगायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या मनात इंजिनाची किंमत असते. त्यात थोडी मजुरी घातली की झाले, असे त्याला वाटते. आणि पुष्कळदा आपणही तोंडी एकच आकडा सांगून मोकळे होतो. मग बॅलन्सिंग निघते, पंप निघतो, वायरिंगचे चार दिवस निघतात, आणि ते सगळे आपल्या खिशातून जाते. नफा राहिला बाजूला, गिऱ्हाईकही नाराज होते.

याऐवजी भाव चार ओळींत लिहून द्यावा. पहिल्या ओळीत इंजिन आणि मोठा माल. दुसऱ्या ओळीत वर सांगितलेल्या सहा सांध्यांचे सामान, एक-एक नाव घेऊन. तिसऱ्या ओळीत बाहेरची कामे, म्हणजे लेथ, बॅलन्सिंग, रेडिएटर. चौथ्या ओळीत आपली आणि शागिर्दाची मजुरी, दिवसांच्या हिशेबाने. काढलेला जुना माल कोणाचा, त्याचे पैसे कोणाला, हेही आधीच लिहावे, कारण पुष्कळ भांडणे तिथेच होतात. काम संपल्यावर गाडी लगेच हवाली करू नये. निदान दोन-तीन तास चढ-उताराच्या रस्त्यावर चालवून पाणी, तेल आणि इंधनाचे सांधे पुन्हा तपासावेत. त्या चाचणीचा वेळही मजुरीत धरावा.

गिऱ्हाईक एवढ्या ओळी पाहून दचकेल, कदाचित शेजारच्या गॅरेजमध्येही जाईल. जाऊ द्यावे. चाळीस मिनिटांच्या थांब्याने शर्यत हरते तशी दोन फुकटच्या दुरुस्त्यांनी महिन्याची कमाई जाते. इंजिन उचलून जागेवर ठेवणे कोणालाही जमते. सांधे जपणारा हात थोड्यांकडेच असतो. त्या हाताची किंमत आधी त्याच्या मालकाने ओळखली पाहिजे.